कथेवर लेबल कोणतं? विज्ञानकथा, फँटसी, भयकथा आणि मधला सगळा गोंधळ

कथेत अंतराळयान आलं की विज्ञानकथा, भूत आलं की भयकथा, तलवार आणि ड्रॅगन आले की फँटसी. चुकीची लेबलं बहुतेक याच हिशोबाने लागतात. पण हे सगळं कथेतलं सामान झालं, आणि सामान कुठल्याही कथेत नेता येतं. यानात अडकलेल्या चौघांना एकेक करून कुणीतरी संपवत असेल, तर यान असूनही ती भयकथा असू शकते. भूत आणि घरमालक भाड्यावरून भांडत असतील, तर ती विनोदी कथा.

लेबल म्हणजे वाचकाला आधीच दिलेला शब्द. त्यात दोन गोष्टी येतात: या कथेतली अशक्य गोष्ट कशी वागेल, आणि शेवटी वाचकाच्या पदरात काय पडेल. या दोन्हींची उत्तरं पहिल्या पानावर सापडत नाहीत, कथेच्या शेवटच्या पाव भागात सापडतात. म्हणून लेबल शेवटाकडून ठरवायचं.

अट एकच, पहिला खर्डा पुरा झालेला हवा. लिहिताना मनात एखादं तात्पुरतं लेबल असायला हरकत नाही. पण अर्ध्यावरच ते पक्कं केलं की उरलेली कथा लेबलाला शोभावी म्हणून वाकवली जाते. विज्ञानकथेत उगाच घुसलेली प्रयोगशाळा आणि फँटसीत उगाच आलेली भविष्यवाणी, दोन्हींचा उगम बहुतेक वेळा इथे असतो.

अशक्य गोष्ट एका वाक्यात लिहा

कागदावर एक वाक्य लिहा: ‘या जगात अमुक घडतं, जे आपल्या जगात घडत नाही.’ मर्यादा २५ शब्दांची. पात्रांची नावं, कथानक, संदेश यातलं काही नको. समीक्षक दार्को सुविन यांनी विज्ञानकथेतल्या अशा नव्या गोष्टीला ‘नोव्हम’ म्हटलं आहे. आपल्या कामापुरती ‘अशक्य गोष्ट’ ही संज्ञा पुरे.

वाक्य २५ शब्दांत बसत नसेल तर कथेत एकाहून जास्त अशक्य गोष्टी आहेत, किंवा ती गोष्ट तुमच्याच मनात अजून धूसर आहे. जास्त असतील तर प्रत्येकीचं वेगळं वाक्य लिहा आणि कोणती आधी आली ते ठरवा. बाकीच्या तिच्यातूनच निघत असतील तर त्या एकच धरा. निघत नसतील, म्हणजे टेलिपथीही आहे आणि त्याखेरीज बोलणारी झाडंही आहेत, तर पुढे लेबल ठरवताना त्रास होईल. तो त्रास लेबलाचा नसेल, कथेचा असेल.

वाक्य लिहिताच येत नसेल, तर कथेत अशक्य असं काही नाही. शेवटी भूत खोटं निघतं आणि वारशासाठी रचलेला बनाव उघड होतो, ती रहस्यकथा. इथेच थांबा आणि तसंच लेबल लावा.

पुढच्या पायऱ्यांसाठी हे एक उदाहरण हाताशी ठेवू: ‘एका विहिरीत टाकलेली वस्तू दुसऱ्या दिवशी काठावर सापडते, पण दहा वर्षांनी जुनी झालेली.’

ती गोष्ट काढून टाका

आता कथेतून अशक्य गोष्ट मनातल्या मनात काढा. विहीर साधी विहीर करा. तीन शक्यता उरतात.

कथा पूर्ण कोसळली तर ती निश्चितपणे स्पेक्युलेटिव्ह फिक्शनच्या छत्रीखाली येते. हा शब्द रॉबर्ट हाइनलाइन यांनी १९४७ साली एका लेखात वापरला तेव्हा त्यांच्या मनात मुख्यतः विज्ञानकथा होती. आज त्यात विज्ञानकथा, फँटसी, भयकथा आणि त्यांच्या सगळ्या शेजारणी येतात. मासिक किंवा स्पर्धा हाच शब्द वापरत असेल तर तुम्हीही खुशाल वापरा. एकट्या पुस्तकाच्या लेबलासाठी मात्र तो फार सैल आहे, वाचकाला त्यातून काहीच ठोस कळत नाही.

थोडी डागडुजी करून कथा उभी राहिली तर अशक्य गोष्ट ही सजावट आहे. मंगळावरच्या वसाहतीत घडणारी घटस्फोटाची कथा मुंबईत किंवा लंडनमध्ये जशीच्या तशी घडू शकत असेल, तर ती कौटुंबिक कथा. विज्ञानकथेचा वाचक तिच्यावर चिडेल आणि त्याचं चिडणं रास्त असेल.

तिसरी शक्यता सर्वांत अवघड. बाकी सगळं टिकतं, फक्त शेवट कोसळतो. म्हणजे अशक्य गोष्ट तुम्ही शेवटपर्यंत लपवली आहे. तिच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

ती गोष्ट वागते कशी?

खरा निर्णय इथे होतो. चार प्रश्न विचारायचे, आणि प्रत्येकाचं उत्तर कथेतल्या नेमक्या प्रसंगावर बोट ठेवून द्यायचं. ‘माझ्या डोक्यात स्पष्टीकरण आहे’ हे उत्तर धरायचं नाही, कारण वाचक तुमच्या डोक्यात नसतो.

पहिला प्रश्न, ती गोष्ट निसर्गनियमाचा भाग म्हणून येते का? विज्ञान बरोबर असणं ही इथली अट नाही. प्रकाशापेक्षा वेगाने जाणारं यान आजच्या भौतिकशास्त्राला मान्य नाही, तरी ते विज्ञानकथेत रुळलेलं आहे, कारण कथा त्याच्याकडे तपासता येण्याजोगी, मोडता-दुरुस्त करता येण्याजोगी गोष्ट म्हणून बघते. यासाठी शब्दबदलाची चाचणी उपयोगी पडते. जिथे जिथे ‘क्वांटम’, ‘नॅनो’, ‘जनुकीय’ असे शब्द आले आहेत तिथे ‘मंतरलेला’ घालून वाचा. एकही प्रसंग बदलत नसेल तर ती विज्ञानाचा पोशाख घातलेली फँटसी आहे. फँटसी असण्यात कमीपणा काहीच नाही, पण लेबल तेच लावा.

दुसरा, ती गोष्ट कुणालाही करता येते की निवडलेल्यांनाच? योग्य साधन आणि माहिती मिळाल्यावर कुणीही करू शकत असेल तर कल विज्ञानकथेकडे. रक्त, वंश, शाप, वरदान, पात्रता किंवा शब्द पाळणं यावर अवलंबून असेल तर फँटसीकडे. अपवाद आहेत. काटेकोर नियमांच्या जादूचं शिक्षण देणाऱ्या फँटसीत कुणीही विद्यार्थी ती शिकू शकतो. म्हणून हा प्रश्न एकट्याने निकाल देत नाही, पहिल्याच्या जोडीने देतो.

तिसरा, पात्रांना नवल वाटतं का? या प्रश्नाकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं, आणि सगळ्यांत जास्त गुंता हाच सोडवतो. जग पूर्ण वेगळं आहे आणि म्हणून कुणाला नवल वाटत नाही, तर ती फँटसी किंवा दूरच्या भविष्यातली विज्ञानकथा. जग आपलंच आहे आणि तरीही कुणाला नवल वाटत नाही, तर जादुई वास्तववाद. जग आपलंच आहे, पात्रांना धक्का बसतो आणि ती गोष्ट जगाचा नियम मोडून आत घुसल्यासारखी वाटते, तर भयकथा किंवा घुसखोरीची फँटसी.

चौथा, शंका फिटते का? फ्रेंचमध्ये लिहिणारे समीक्षक त्झ्वेतान तोदोरोव यांनी १९७० साली या शंकेवरच आपली मांडणी उभी केली. अतिमानवी वाटलेली गोष्ट शेवटी नैसर्गिक कारणाने उलगडली तर कथा एका बाजूला जाते, अतिमानवी म्हणूनच मान्य झाली तर दुसऱ्या बाजूला, आणि वाचक शेवटपर्यंत दोन्हींच्या मध्ये लटकत राहिला तर ती त्यांच्या मते खरी ‘फँटॅस्टिक’. मराठी वाचक या लटकत्या कथेला सरळ गूढकथा म्हणतो. रहस्यकथेशी तिची गल्लत करू नका. रहस्यकथेच्या वाचकाला उकल मिळालीच पाहिजे, गूढकथेच्या वाचकाला उकल मिळाली तर फसवल्यासारखं वाटतं.

एकच विहीर, पाच लेबलं

हे चार प्रश्न विहिरीला लावू. कल्पना एकच, वागणूक वेगळी.

भूजलाचा अभ्यास करणारी एक बाई विहिरीत सारख्या आकाराचे लोखंडी तुकडे वेगवेगळ्या खोलीवर सोडते आणि गंजाची जाडी मोजते. बातमी फुटते. किरणोत्सारी कचरा सांभाळणारी कंपनी येते. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य सुमारे ३० वर्षं, म्हणजे या विहिरीत तीन रात्रींत किरणोत्सार निम्मा. पण ३० वर्षांत सावकाश बाहेर पडणारी उष्णता तीन रात्रींत बाहेर पडली तर पाण्याचं आणि आसपासच्या वस्तीचं काय होईल? इथे एका नियमातून पुढचा प्रश्न निघतो, त्यातून पुढचा पेच. ही विज्ञानकथा. विहीर असं का करते हे शेवटपर्यंत कळलं नाही तरीही विज्ञानकथाच, कारण कथेचा सगळा भार मोजण्यावर आणि परिणामांवर आहे.

दुसऱ्या रूपात वस्तूंची ती दहा-दहा वर्षं विहिरीच्या तळाशी राहणारा कुणीतरी जमा करतो आहे. मुलगी आजारी भावासाठी त्यातली काही वर्षं मागायला खाली उतरते आणि बदल्यात काय द्यायचं यावर सौदा होतो. इथे नियम आहे, पण तो कराराचा आहे, तो मोजता येत नाही, पाळावा लागतो. फँटसी.

तिसरं रूप: एका सकाळी कुणीही काहीही न टाकता काठावर एक भिजलेली सोळा वर्षांची मुलगी बसलेली सापडते. तिचा चेहरा निवेदकाच्या सहा वर्षांच्या मुलीचा आहे, आणि ती सहा वर्षांची मुलगी आता घरात झोपली आहे. यापुढे कथा कुठेही गेली तरी वाचकाला तिथून पळून जावंसं वाटत राहणार. भयकथा.

चौथ्यात गावाला विहिरीचं काही वाटतच नाही. सुतार ओलं लाकूड मुरवायला तिच्यात सोडतो. दोन भावांच्या वाटणीत एक भाऊ काल लिहिलेला दस्तऐवज रात्रभर विहिरीत ठेवतो, सकाळी कागद पिवळा, शाई उडालेली, आणि खटला उभा राहतो. कथा त्या वाटणीची आहे. जादुई वास्तववाद.

पाचव्यात वस्तू जुन्या होऊन येतात खऱ्या, पण त्या रात्री कुणी बदलत असेल का? निवेदकाची आठवणही भरवशाची नाही. शेवटचा परिच्छेद दोन्ही अर्थांनी वाचता येतो. गूढकथा.

तुमच्या कथेचंही असं करून पाहा: तुमच्या अशक्य गोष्टीचं दोन-दोन ओळींत प्रत्येक रूप लिहा. जे रूप लिहायला विचारच करावा लागला नाही, ते बहुधा तुम्ही आधीच लिहिलेलं आहे. अर्धा तास लागतो, आणि पुष्कळदा पुढच्या कथेचं बीजही यातूनच मिळतं.

शेवटच्या भागात वाचकाला काय मिळालं?

कथेचा शेवटचा पाव भाग घ्या आणि त्यातल्या प्रत्येक प्रसंगासमोर एक शब्द लिहा: उलगडा, परिणाम, विस्मय, भीती, मीलन, न्याय. एका प्रसंगाला एकच शब्द. मग मोजा, आणि शेवटच्या प्रसंगाचा शब्द दोनदा धरा.

उलगडा आणि परिणाम जास्त असतील तर विज्ञानकथा. विस्मय आणि बिघडलेली घडी परत बसणं जास्त असेल तर फँटसी. भीतीचं गणित थोडं निराळं. भयकथा हे नाव सामानावरून किंवा नियमावरून पडलेलं नाही, भावनेवरून पडलं आहे, त्यामुळे ती विज्ञानकथेतही बसते आणि फँटसीतही. इथे कसोटी शेवटाची. कथा संपल्यावर भीती जिवंत आहे का? राक्षस मेला, दरवाजा बंद झाला, पात्रं उजेडात आली आणि वाचकाने सुटकेचा श्वास टाकला, तर भयाची छटा असलेली साहसकथा किंवा फँटसी. दरवाजा बंद झाला पण वाचक रात्री उठून कडी तपासतो, तर भयकथा.

या मोजणीचं आणि चार प्रश्नांचं उत्तर एकच आलं तर मुख्य लेबल ठरलं. वेगळं आलं तर पुढचा भाग तुमच्यासाठी.

दोन लेबलं भांडायला लागली तर

विशेषण आणि नाम अशी विभागणी करा. कथा जे देते ते नाम, ती जिथे घडते किंवा ज्या नियमावर चालते ते विशेषण. मराठी समासात शेवटचं पद सहसा मुख्य असतं, त्याचा फायदा घ्या. ‘विज्ञान-भयकथा’ म्हटलं की वाचकाला भीती हवी. ‘भयाची छटा असलेली विज्ञानकथा’ म्हटलं की उलगडा हवा. क्रम बदलला की अपेक्षा बदलते. तिसरं पद लावू नका. ‘विज्ञान-रहस्य-प्रेम-भयकथा’ वाचून संपादकाला एवढंच कळतं की लेखकाचं अजून ठरलेलं नाही.

रोमान्स आणि रहस्य ही दोन नामं लावताना विशेष जपावं, कारण त्यांच्या अटी कडक आहेत. रोमान्स म्हणून विकल्या जाणाऱ्या कथेत प्रेम केंद्रस्थानी आणि शेवट समाधानाचा किंवा निदान आशेचा असावा, अशी इंग्रजी बाजारात पक्की अपेक्षा आहे. कथेत नायिका काळप्रवासात कायमची हरवत असेल तर ती प्रेमाची कथा असू शकते, रोमान्सचं लेबल लावू नका. वाचकांचे सर्वांत कडवट अभिप्राय या एका चुकीवर येतात. दुसरं नाम रहस्य. गुन्ह्याची उकल जादूने होत असेल, तर त्या जादूचे नियम उकलीच्या बऱ्याच आधी वाचकाला माहीत झालेले असले पाहिजेत, नाहीतर रहस्याचं लेबल काढा.

उपप्रकार: गरज असेल तरच

कथासंग्रहातल्या किंवा मासिकाला पाठवायच्या एकट्या कथेला उपप्रकार लागत नाही. कादंबरीला लागतो, कारण दुकानात आणि संकेतस्थळावर वाचक तिथपर्यंत खाली उतरून शोधतो. सगळे उपप्रकार सांगत बसण्यापेक्षा जिथे नेहमी घोळ होतो तेवढेच पाहू.

डिस्टोपिया आणि प्रलयोत्तर कथा: डिस्टोपियात व्यवस्था चालू असते आणि तीच छळते. प्रलयोत्तर कथेत व्यवस्था कोसळलेली असते आणि तिचं नसणं छळतं. पडक्या शहरात हुकूमशहा असेल तर विचारा, पात्रं भुकेशी जास्त झगडतात की नियमांशी?

पर्यायी इतिहास आणि स्टीमपंक: पर्यायी इतिहासाला वळणबिंदू लागतो. कोणत्या साली, कोणती घटना वेगळी झाली, हे तुम्हाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. भूतकाळात नुसती वाफेची यंत्रं आणि दातेरी चाकं आणली की ते स्टीमपंक होतं, पर्यायी इतिहास होतोच असं नाही.

हार्ड सायन्स फिक्शन आणि स्पेस ऑपेरा: पहिल्यात विज्ञानाची चूक हा कथेचा दोष मानला जातो, म्हणून हे लेबल लावण्याआधी आकडेमोड एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्या. दुसऱ्यात पसारा, युद्धं, साम्राज्यं यांना महत्त्व. ‘स्पेस ऑपेरा’ हा शब्द १९४१ साली चक्क टर उडवण्यासाठी तयार झाला होता, आज लोक तो अभिमानाने मुखपृष्ठावर छापतात.

अर्बन फँटसी आणि पॅरानॉर्मल रोमान्स: दोन्हींत आपल्याच जगात अद्भुत शक्ती वावरतात. प्रेमाचा धागा काढून पाहा. कथा चालली तर पहिलं, थांबली तर दुसरं.

एपिक फँटसी आणि तलवार-जादूची साहसकथा: काय पणाला लागलं आहे? जग पणाला असेल तर एपिक. नायकाचा जीव, कर्ज किंवा सूड एवढंच असेल तर दुसरं. नकाशा आणि हजार पानं असली म्हणून कथा एपिक होत नाही.

लिटआरपीजी, म्हणजे संगणकखेळाच्या नियमांनी चालणारी कथा: पात्राची पातळी, गुण, कौशल्यं यांचे आकडे पानावर दिसायला हवेत आणि त्यांच्यामुळे निर्णय बदलायला हवेत. कथा संगणकखेळाच्या आत घडते एवढं पुरत नाही.

फँटसीचा उपप्रकार सुचतच नसेल तर समीक्षक फॅरा मेंडलसन यांची २००८ सालची चौकट कामाला येते. पात्र आपल्या जगातून अद्भुत जगात जातं, की आधीपासून त्यातच राहतं, की अद्भुत गोष्ट आपल्या जगात घुसते, की उंबरठ्यावर रेंगाळते आणि आत येतच नाही? ही लेबलं विक्रीची नाहीत, मुखपृष्ठावर छापू नका. पण उत्तर मिळालं की बाजारातला उपप्रकार सापडणं सोपं जातं.

जादुई वास्तववादाबद्दल एक इशारा. ‘फँटसी म्हटलं तर गंभीरपणे घेणार नाहीत’ म्हणून हे लेबल लावणारे लेखक कमी नाहीत, आणि संपादकांना ते लगेच कळतं. ही संज्ञा १९२५ साली फ्रान्झ रोह यांनी चित्रकलेच्या संदर्भात वापरली, पुढे लॅटिन अमेरिकी साहित्यात ती रुजली. अद्भुत गोष्टीचं कुणाला नवल नाही आणि कथेचा जीव माणसांच्या, सत्तेच्या, इतिहासाच्या व्यवहारात आहे, हे दोन्ही असेल तरच ती वापरा.

वय आणि लांबी

‘किशोरांसाठी’, ‘यंग ॲडल्ट’ हे साहित्यप्रकार नाहीत, वयोगट आहेत. लेबलात ते प्रकाराच्या जोडीने येतात, त्याच्या जागी येत नाहीत. नायक पंधरा वर्षांचा असणं पुरेसं नाही. कथा पंधराव्या वर्षाच्या नजरेतून, तेव्हाच्या घाईने आणि अर्धवट माहितीने सांगितलेली हवी. पन्नाशीतला निवेदक बालपण आठवत असेल तर ते प्रौढांचं पुस्तक.

लांबीचाही लेबलात भाग असतो. ह्यूगो आणि नेब्युला या विज्ञानकथा-फँटसीच्या पुरस्कारांच्या नियमांत ७,५०० शब्दांच्या आत शॉर्ट स्टोरी, तिथपासून १७,५०० पर्यंत नॉव्हेलेट, त्यापुढे ४०,००० पर्यंत नॉव्हेला आणि त्याहून मोठी ती नॉव्हेल. इंग्रजी मासिकांना कथा पाठवताना हेच आकडे धरा. मराठी मजकुरावर ते जसेच्या तसे लावू नका. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे तीच कथा इंग्रजीत गेली की शब्दसंख्या वाढते. भाषांतर करून पाठवणार असाल तर भाषांतर झाल्यावर मोजा. मराठी खर्डा ७,००० शब्दांचा असेल तर इंग्रजीत तो वरच्या गटात सरकण्याची शक्यता बरीच आहे.

लेबल वाचकांवर तपासा

तुम्ही निवडलेल्या लेबलाखाली अलीकडच्या तीन-चार वर्षांत आलेल्या दहा कथा किंवा कादंबऱ्या निवडा. पूर्ण वाचायची गरज नाही. मलपृष्ठावरचा मजकूर, पहिली दोन पानं आणि शेवटचं पान वाचा. आपली कथा या दहांच्या रांगेत अकरावी म्हणून ठेवली तर वाचकाला खटकेल का? जुन्या अभिजात पुस्तकांशी तुलना करू नका. चाळीस वर्षांपूर्वी त्या लेबलाचा अर्थ निराळा असू शकतो.

मग तीन वाचक शोधा, शक्यतो ज्यांना तुमची कथा माहीत नाही असे. पहिली दोन पानं देऊन विचारा: ‘ही कोणत्या प्रकारची कथा आहे आणि पुढे काय होईल?’ उत्तर लिहून घ्या. पूर्ण कथा वाचल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारा. दोन्ही वेळा तुमचंच लेबल आलं तर काम झालं. शेवटी तुमचं लेबल आलं पण सुरुवातीला भलतंच, तर लेबल बरोबर आहे आणि सुरुवात चुकली आहे. भयकथेचं पहिलं पान जर हलकंफुलकं प्रवासवर्णन असेल तर भयकथेचा वाचक तिसऱ्या पानाला निघून जातो आणि प्रवासवर्णनाचा वाचक आठव्या पानाला संतापतो. सुरुवात दुरुस्त करा, लेबलाला हात लावू नका. दोन्ही वेळा तिघांचंही एकमताने दुसरंच लेबल आलं, तर मात्र त्यांचं ऐका.

अशक्य गोष्ट शेवटी उघड होत असेल तर

कथा बावीस पानं वास्तववादी चालते आणि तेविसाव्या पानावर कळतं की निवेदक यंत्र आहे. ‘विज्ञानकथा’ म्हटलं तर गुपित फुटतं, ‘कौटुंबिक कथा’ म्हटलं तर वाचकाची फसवणूक. मार्ग दोन. पहिला, एक पायरी वरचं सैल लेबल घ्या: नुसतं स्पेक्युलेटिव्ह. लेबल खोटं ठरत नाही आणि वाचक थोडा सावध राहतो. दुसरा, पहिल्याच पानावर एक खटकणारा तपशील पेरा, ज्याचा अर्थ तेव्हा लागणार नाही पण जग अगदी आपलं नाही एवढं जाणवेल. निवेदकाला कधीच भूक लागत नाही, एवढंही चालतं. असं पेरल्यावर खरं लेबल लावलं तरी गंमत जात नाही, कारण वाचक ‘काय’ यापेक्षा ‘कसं’ याची वाट पाहू लागतो. खोटं लेबल हा तिसरा मार्ग नाही.

लेबल प्रत्यक्ष कुठे आणि कसं लिहायचं

मासिकाला पाठवताना सोबतच्या पत्रात एक ओळ पुरते: ‘सोबत विज्ञानकथा पाठवत आहे, शब्दसंख्या ४,२००.’ उपप्रकार, तत्त्वज्ञान, आशय काही नको. मासिकाच्या नियमात ज्या शब्दाने प्रकार सांगितला आहे तोच शब्द वापरा. त्यांनी ‘अद्भुतकथा’ लिहिलं असेल तर तुम्ही ‘फँटसी’ लिहू नका.

प्रकाशकाला कादंबरी पाठवताना मुख्य लेबल, उपप्रकार, वयोगट आणि शब्दसंख्या एका वाक्यात द्या. अलीकडच्या दोन पुस्तकांशी नातं सांगायचं असेल तर ती त्याच लेबलाखालची असावीत. एक भयकथा आणि एक रोमान्स सांगितलं की पुन्हा संशय सुरू.

स्वतः ई-पुस्तक काढणार असाल तर यंत्रणेचे रकाने भरावे लागतात. ॲमेझॉनच्या केडीपी या स्वप्रकाशनाच्या सेवेवर तीन वर्गवाऱ्या निवडता येतात आणि कीवर्डसाठी सात रकाने असतात. पहिली वर्गवारी तुमच्या नामाची, दुसरी उपप्रकाराची, तिसरी विशेषणाची ठेवा. वर्गवारीत आलेला शब्द कीवर्डमध्ये पुन्हा लिहून रकाना वाया घालवू नका. तिथे सामान लिहा: काळप्रवास, बोलकं यंत्र, झपाटलेलं जहाज. सुरुवातीला ज्याला बाजूला सारलं ते सामान इथे मात्र हक्काने कामाला येतं, कारण वाचक शोधताना तेच शब्द टाकतो.

उत्तर अमेरिकेतल्या पुस्तकव्यवसायात पुस्तकांच्या विषयांना संकेतांक देणाऱ्या बायसॅक यादीत प्रौढांच्या कथासाहित्याचे संकेतांक ‘एफआयसी’ने, किशोरांचे ‘वायएएफ’ने आणि मुलांचे ‘जेयूव्ही’ने सुरू होतात. प्रौढ आणि किशोर संकेतांक एकाच पुस्तकाला लावू नयेत. नेमका संकेतांक मिळत असेल तर ‘सामान्य’ हा संकेतांक घेऊ नका, तो काहीच बसत नसेल तेव्हासाठी आहे. थीमा या अशाच आंतरराष्ट्रीय यादीत विज्ञानकथा ‘एफएल’खाली, फँटसी ‘एफएम’खाली आणि भयकथा ‘एफके’खाली येतात.

प्रकाशित झाल्यावर चूक कळली तर

लक्षणं ओळखीची असतात. अभिप्रायांत ‘चांगलं आहे, पण मला वाटलं होतं…’ अशी वाक्यं पुन्हापुन्हा येतात. लोक पान उघडतात पण घेत नाहीत. नमुना वाचणारे पहिल्या प्रकरणात थांबतात. एखाद्या अभिप्रायावरून काही ठरवू नका, एकच तक्रार वेगवेगळ्या पाच-सहा जणांकडून येऊ द्या.

बदल करताना वर्गवारी, वर्णनाची पहिली दोन वाक्यं आणि मुखपृष्ठ हे तिन्ही एकाच दिवशी बदला. नुसती वर्गवारी बदलली आणि मुखपृष्ठावर रक्ताळलेला हात तसाच राहिला, तर फँटसीच्या रांगेत भयकथा उभी राहते आणि दोन्हीकडचे वाचक जातात. उपशीर्षकात प्रकाराचं नाव असेल तर तेही तपासा, बहुतेक जण ते विसरतात. मजकूर मात्र आहे तसाच ठेवा. आधीचे अभिप्राय काढून टाकायच्या मागे लागू नका, नवं लेबल पाहून आलेल्या वाचकाला त्यातूनच पुस्तक नेमकं कसं आहे ते कळतं.